घरांतील उजेडाची वाटणी

नवें घर बांधणाऱ्यापेक्षां जुनें घर नवें करूं पाहणाऱ्याचें काम अधिक नाजूक असतें. नव्या घराला मोकळी जमीन मिळते; जुन्या घरांत आधींच कोणी तरी राहून गेलेलें असतें. त्यानें कोणती खोली कोठें ठेवली, कोणत्या भिंतीला खिडकी दिली आणि कोणत्या भिंतीला दिली नाहीं, याला कांहीं कारणें होतीं. तीं न विचारतां आपण बहुधा प्रथम रंगाऱ्यालाच बोलावतों. तो रंगांच्या नमुन्यांची वही पुढें करतो, घरांतील मंडळी तिच्याभोंवतीं जमतात, आणि अर्ध्या घटकेंत ‘दिवाणखान्याला हा, निजावयाच्या खोलीला तो’ असा निकाल लागतो. स्वयंपाकघराची पाळी शेवटीं येते. तोंवर सगळे कंटाळलेले असतात. ‘तेथें कांहीं तरी द्या, मळकट दिसणार नाहीं असें’, एवढ्यावर तो प्रश्न मिटतो.

श्रोतेहो, त्या वहीच्या आधींची हकीकत आज सांगावयाची आहे. महाराष्ट्रांत वाडा मागें पडला, चाळ आली, चाळीमागून ब्लॉक आला. प्रत्येक वेळीं उजेड, पाणी आणि धूर या तीन गोष्टींच्या जागा हलल्या, आणि त्यांच्या मागोमाग खोल्यांच्या जागा व भिंतींचे रंग हलले. आवडनिवड असते, नाहीं असें नाहीं. पण ती फार उशिरां येते. त्या आधीं एक वाटणी होऊन गेलेली असते: घरांत जेवढा उजेड आला, त्यांतला किती कोणाच्या वाट्याला गेला ही. या वाटणीकडे इतिहासकारांचें लक्ष थोडें गेलें, कारण जमिनीच्या वाटणीसारखे तिचे कागद होत नाहींत. तिचे कागद म्हणजे घरेंच.

प्रथम वाडा पाहूं. वाड्याचें माप लोक फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील गाळा तो खण, अदमासें पांच फुटांचा. लांकडाला जेवढा भार पेलेल तेवढीच खोलीची ऐसपैस. त्यामुळें खोल्या लांबट व अरुंद होत आणि रुंदी वाढवावयाची तर मध्यें खांब येई. बाहेरून आंत शिरतां दिंडीदरवाजा, देवडी, मग चौक, चौकाभोंवतीं ओसरी, तिच्यामागें माजघर, माजघराच्या अंगाला देवघर, कोठीघर आणि बाळंतिणीची खोली, आणि सर्वांच्या पाठीमागें स्वयंपाकघर, मागचा चौक, विहीर किंवा हौद, आणि परसूं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पुण्यांत आणलें, तेव्हां तें हौदांत आलें. घागर भरून आंत नेण्याचें काम त्यानें संपलें नाहीं, एवढेंच कीं ती नदीवरून आणावयाची राहिली नाहीं.

आतां या मांडणींत उजेड कोठून येतो तें पाहा. रस्त्याकडची भिंत खालच्या मजल्यावर बहुधा मुकी असे. चोराचिलटांचें भय, धामधुमीचे दिवस आणि घरांतल्या स्त्रियांचा पडदा अशीं तिन्ही कारणें त्या मुकेपणाला होतीं. उजेड यावयाचा तो चौकांतून, म्हणजे आकाशांतून. ओसरीला तो भरपूर मिळे. ओसरी ओलांडून माजघरांत जाईपर्यंत तो अर्धामुर्धा होई. आणि कोठीघर व बाळंतिणीची खोली यांच्या वाट्याला भिंतींतल्या झरोक्यापलीकडे कांहीं येत नसे. वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना मात्र रस्त्याकडे तोंड करून बसलेला. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ सालीं दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत पुरा झाला. त्याच्या दर्शनी भागांतील सुरूच्या घाटाचे कोरीव खांब पाहावयास आजहि लोक जातात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तेथें भिंतींवर चित्रें आहेत. चित्रें काढावयाचीं तर तीं दिसण्यापुरता उजेड लागतो, हें सांगावयास नको. कोठीघरांत कोणी चित्रें काढलीं नाहींत.

ही तक्रार म्हणून मी सांगत नाहीं. जाड भिंतींचें, अर्धवट अंधाराचें माजघर वैशाखांत थंड राही. दुपारीं त्याच्या सारवलेल्या जमिनीवर अंग टाकण्याचें सुख ज्यांनीं घेतलें आहे ते त्याची निंदा करणार नाहींत. पण दुपारच्या विसाव्याची खोली आणि दिवसभर कामाची खोली यांत अंतर आहे. दळण, कांडण, निवडटिपण, मुलांचें आजारपण हें सर्व त्याच अंधारांत चाले, आणि मागें चूल धुमसत असे.

रंगाचा प्रश्न येथें उभा राहतो. जुन्या घरांत रंग म्हणजे चुना. चुनखडी सुमारें ९०० अंश उष्णतेवर भाजली कीं तींतील कार्बनी वायु उडून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें कीं तो फुलतो, कढतो आणि विरतो. ही निवळी भिंतीवर फिरविली म्हणजे ती हवेंतला तोच वायु पुन्हां शोषून घेते व हळूहळू दगड बनते. म्हणजे सफेती देणें हें रंग फासणें नव्हे. भिंतीवर पातळ दगडाचा पापुद्रा चढविणें आहे. चिकटपणासाठीं तींत डिंकाचें किंवा तांदळाच्या पेजेचें पाणी घालीत. दिवाळीच्या तोंडावर घरोघर हा उद्योग चाले. ताज्या चुन्याची भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग परत फेकते. गडद तांबडी भिंत एक-पंचमांशहि फेकीत नाहीं. ज्या माजघरांत झरोक्यावांचून दुसरा दिवा नाहीं, तेथें चारी भिंती पांढऱ्या करणें म्हणजे दुसरा झरोका पाडण्यासारखेंच होतें. आजीनें हें गणित कधीं मांडलें नसेल, पण सफेती झाल्यावर ‘घर उजळलें’ असें ती म्हणे तें मात्र शब्दशः खरें होतें.

चुन्याला सगळेच रंग मानवत नाहींत. त्याचा क्षार इतका तीव्र कीं वनस्पतींचे बहुतेक रंग त्यांत जळून जातात. टिकतात ते मातीचे रंग: गेरू, पिवडी, हिरमजी, आणि काजळ. म्हणून आपल्या जुन्या घरांत पिवळसर, तांबूस, मातकट छटा दिसतात. ती पूर्वजांची साधेपणाची आवड होती असें पुष्कळ जण समजतात, पण चुन्यानें दुसरें कांहीं टिकूंच दिलें नाहीं. तळकोंकणांत व गोव्यांत देवळांच्या भिंतींवर काव नांवाची तांबडी माती चुन्यावर लावून, ती ओली असतांनाच खरवडून, पांढऱ्यावर तांबडी नक्षी उमटवीत. तीहि याच दोन वस्तूंची करामत. घरांत भिंतीच्या पायथ्याशीं गेरूची पट्टी ओढीत, ती शोभेची तर खरीच, पण सारवतांना उडणारे शेणाचे शिंतोडे तींत लपत, हा मोठा उपयोग. निळा रंग मात्र सहज मिळत नसे. युरोपांत १७०० नंतर लवकरच एक गडद निळा रंग निघाला होता, ज्याला बर्लिनच्या राज्यावरून प्रशियन निळा म्हणतात. पण तो चुन्यांत नासतो. फ्रान्समध्यें १८२६ ते १८२८ या काळांत गिमे नांवाच्या रसायनज्ञानें कृत्रिम अल्ट्रामरीन तयार केली, ती चुन्यांत टिकते. कपड्यांना देण्याची जी नीळ घरोघर आली ती हीच. चिमूटभर नीळ चुन्यांत टाकली कीं त्याचा पिवळटपणा मरतो व पांढरा अधिक पांढरा दिसतो. मूठभर टाकली कीं भिंत आकाशी होते. कित्येक खेड्यांतील आकाशी घरांचें मूळ या चिमटीच्या मूठ होण्यांत आहे.

स्वयंपाकघराला मात्र यांतलें कांहीं लाभलें नाहीं. दिवाळीला दिलेली सफेती चुलीच्या धुरानें होळीपर्यंत करपून जाई. ज्या खोलीला पांढऱ्या भिंतीची सर्वांत अधिक गरज, तीच खोली वर्षांतून सर्वांत कमी दिवस पांढरी असे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का रोगानें दिला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढच्या वर्षीं पुण्यांत हाहाकार झाला. सरकारी टोळ्या घरांत शिरल्या. सामान बाहेर काढलें, भिंतींवर चुना मारला, मुंबईंत कांहीं घरांचीं कौलें काढून आंत ऊन घेतलें, आणि जीं घरें राहण्यास नालायक ठरलीं त्यांच्यावर इंग्रजी अक्षरांची खूण केली. पुण्यांतील जुलमाची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवरील प्राणघातक हल्ल्यांत कशी झाली हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच, कीं माजघर आणि देवघर परक्या माणसानें, बूट घालून, कंदील हातांत घेऊन पाहिलें तें तेव्हां प्रथम. त्याला दिसला तो अंधार, आणि अंधार हेंच रोगाचें मूळ असें त्याच्या मनानें घेतलें. खरें मूळ उंदरांच्या अंगावरील पिसवांत आहे, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस प्रयोगानें दाखविलें. म्हणजे निदान चुकलें. पण चुकलेल्या निदानांतून उजेडाचा कायदा जन्माला आला, आणि क्षयाच्या बाबतींत तरी तो उपयोगीं पडला, कारण त्या रोगाचे जंतु उन्हांत फार वेळ जगत नाहींत.

१८९८ सालीं मुंबईंत शहर सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महंमदअल्ली रोड हे रस्ते त्यानें दाट वस्ती फोडून काढले. दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर १९१२ सालीं व्याख्यान दिलें. ट्रस्टचा नियम असा होता कीं खोलीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे जाणारी रेषा साडेत्रेसष्ट अंशांपेक्षां अधिक चढी असूं नये. हा आंकडा विचित्र वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे: समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर मध्यें निदान वीस फूट मोकळे हवेत. किती आकाश दिसलें म्हणजे खोली खोली म्हणावयाची, याचें माप आमच्याकडे प्रथम येथें ठरलें. वाड्याच्या चौकाला असें माप नव्हतें. चौक लहान झाला तर घरधन्याचा मान कमी होई, कायदा मोडत नसे.

आणि तरी चाळींनीं काय केलें? समोर गॅलरी, गॅलरीवर उघडणारी बाहेरची खोली, तिच्यामागें आंतली खोली. आंतल्या खोलींत मोरी, चूल आणि बाईमाणूस. जागा शंभर पटींनीं आक्रसली, गांव मागें राहिलें, पण वाटणी तशीच राहिली. गॅलरीचा उजेड बाहेरच्या खोलीला, आणि आंतल्या खोलीला त्याची उष्टी तिरीप. पाण्याचा नळ पुष्कळ ठिकाणीं मजल्यावर सामाईक. १९२१ च्या सुमारास मुंबईच्या वस्तीपैकीं निम्म्याहून बरीच अधिक वस्ती एका खोलींत राहत असे. तेथें तर मागची-पुढची हा भेदहि उरत नसे, एकाच खोलींत पडदा लावून माजघर करावयाचें. त्याच दशकांत सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें सिमेंट-काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. प्रत्येक मजल्यावर ओळीनें खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची. ज्यांना बी. डी. डी. चाळी म्हणतात त्या ह्याच. या खोल्यांतले लोक भिंतींना निळसर, हिरवट, गुलाबी चुना देत. बाहेरून आलेला कोणी त्याला भडक म्हणेल. मला त्यांत भडकपणा दिसत नाहीं. जेथें भिंती हलवितां येत नाहींत, खिडकी वाढवितां येत नाहीं, तेथें भाडेकऱ्याच्या हातांत एवढी एकच गोष्ट उरते.

ब्लॉकची पद्धत आली ती सिमेंटाच्या पाठीवर बसून. पोरबंदरला १९१४ सालीं सिमेंट निघूं लागलें. १९३६ सालीं निरनिराळ्या कंपन्यांची एक मोठी कंपनी झाली. लांकडाच्या तुळईचा जुलूम संपला, खण नाहींसा झाला, आणि खोली पाहिजे तेवढी रुंद करतां येऊं लागली. मरीन ड्राईव्ह व ओव्हलच्या काठीं गोलाईदार सज्जांच्या, आडव्या छज्जांच्या इमारती उठल्या. त्यांना २०१८ सालीं जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. १९३७ च्या नोव्हेंबरांत शिल्पकारांच्या संस्थेनें मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरविलें. सजवून मांडलेल्या खोल्या तिकीट काढून पाहावयाच्या, ही कल्पनाच नवी होती. पुण्याचे इंजिनियर रा. र. श्री. देशपांडे यांनीं मध्यम वर्गाच्या घरांचे नकाशे देणारीं पुस्तकें लिहिलीं. त्यांतलें ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हें १९३९ चें. ज्या घरमालकाला शिल्पकार परवडत नाहीं त्याच्या हातीं नकाशा पडला, ही या पुस्तकांची मोठी कामगिरी.

परंतु त्या नकाशांवर नजर ठेवा. समुद्राकडे, रस्त्याकडे, वाऱ्याकडे हॉल; त्याच्या बाजूस निजण्याच्या खोल्या; आणि स्वयंपाकघर मागें, नोकरांच्या जिन्याजवळ, नळांच्या बोळकंडीवर उघडणारें. खण गेला, चूल गेली, देवडी गेली. मागें असण्याचा मान मात्र स्वयंपाकघरानें सोडला नाहीं. वाड्यांत त्याला कारण होतें: धूर मागें जावा, विहीर जवळ असावी. बिनवातीचा, रॉकेलचा दाबाचा स्टोव्ह स्वीडनमध्यें १८९२ पासून निघाला व पुढें आपल्या घरीं आला. मुंबईंत १९५५ पासून गॅसच्या टाक्या आल्या. धूर गेला, पाणी नळानें मजल्यावर चढलें, बसून होणारा स्वयंपाक ओट्यापाशीं उभा राहिला. म्हणजे स्वयंपाकघर मागें ठेवण्याचीं दोन्ही कारणें निघून गेलीं, आणि तें मागेंच राहिलें. कारण संपल्यावर जी गोष्ट टिकते तिला आपण परंपरा म्हणतों. कित्येकदां ती नुसती नकाशा उतरवून घेण्याची संवय असते.

जुन्या वाड्यांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं गोठलीं, मालकांचा दुरुस्तीवरचा हात आंखडला. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत पुण्यांतले नदीकांठचे किती तरी वाडे मातींत बसले. जे राहिले त्यांतले कांहीं आतां हौसेनें नवे केले जात आहेत, आणि येथें रंगाच्या वहीपासून खरा धोका आहे. जुनी विटांची व चुन्याची भिंत ओल आंत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटाचा गिलावा करून वर तैलरंग चढविला कीं ओल आंत कोंडते. क्षार फुलतो, पापुद्रे सुटतात, आणि मालक म्हणतो, रंग वाईट निघाला. अशा भिंतीला चुनाच द्यावा. दुसरें असें कीं जुन्या तैलरंगांत शिसें असे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधींच्या दारांखिडक्यांवरचा रंग कोरडा घासला तर ती धूळ मुलांच्या पोटांत जाते. पाणी मारून, ओला ठेवूनच तो खरवडावा, आणि त्या दिवसांत लहान मुलांना दुसरीकडे ठेवावें.

बी. डी. डी. चाळींच्या जागीं आतां उंच इमारती होत आहेत. वरळीस २०२५ सालीं पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. १६० फुटांत शंभर वर्षें राहिलेल्या घराण्यांना भिंती कोठें असाव्या हें ठरविण्याची संधि तेथेंहि नाहीं; नकाशा तयारच येतो. ज्यांच्या हातीं स्वतःचें जुनें घर आहे त्यांना ती आहे. त्यांनीं रंगाऱ्याआधीं एक दिवस घरासाठीं काढावा. सकाळीं आठ, दुपारीं बारा, चार आणि सायंकाळीं सहा वाजतां दिवे न लावतां प्रत्येक खोलींत वर्तमानपत्र वाचून पाहावें व कोठें वाचतां येतें तें लिहून ठेवावें. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा पण थंड असतो. तेथें पिवडीच्या जातीची छटा शोभते. पश्चिमेचें ऊन दुपारनंतर तापतें. तेथें निळसर किंवा हिरवट फिकी छटा डोळ्यांना बरी. ओट्यावर वाचतां आलें नाहीं तर रंग बाजूला ठेवून प्रथम भिंतीचा विचार करावा: हॉल व स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत भार पेलणारी नसेल तर तींत मोठी खिडकी काढतां येते, आणि भार पेलणारी आहे कीं नाहीं हें इंजिनियरानेंच सांगावें, मिस्त्रीनें नव्हे. मग नमुना. वहींतल्या बोटभर चिठ्ठीवर विसंबूं नये. भिंतीवरच दोन फूट चौरस रंग द्यावा, तो वाळूं द्यावा, दिवसा एकदां व रात्रीं दिव्याखालीं एकदां पाहावा. आणि स्वयंपाकघरांतला नमुना, तेथें जें माणूस उभें राहतें त्यानें, त्याच जागीं उभें राहून, पहावा.